होडीतली मॅट: शोभा नको, पायाला पकड हवी



आजची नोंद भाताची नाही, माडाचीही नाही. होडीची आहे. आमच्या किनारपट्टीवर बऱ्याच घरांत दोन्ही कामं चालतात. पावसात चिखलात पाय, पाऊस संपला की खाऱ्या पाण्यात. माझ्याकडे दीड एकर भात, थोडी माडाची बाग, दोन म्हशी आणि भावकीतल्या भागीदारीत एक २८ फुटी फायबरची होडी आहे, मागे ओबीएम इंजिन. शेती करणाऱ्यांनी हे का वाचावं? कारण हाच फोम आता गोठ्यातली मॅट म्हणून, पॅकिंग शेडमध्ये पायाखाली घालायला, शेततळ्यातल्या आणि धरणावरच्या मासेपालनाच्या होड्यांना असा सगळीकडे विकायला येतोय. विकणारा रंग आणि डिझाइन दाखवतो. विचारायच्या गोष्टी वेगळ्याच असतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. होडीतली फोमची मॅट हे अवजार आहे, कोयत्यासारखं किंवा विळ्यासारखं. माणूस जिथे उभा राहून काम करतो तिथे ती हवीच. पण सगळ्या डेकवर गालिचा अंथरल्यासारखी ती नको. आणि वाईट मॅट घालण्यापेक्षा मॅट नसलेली बरी, हे मी खात्रीने सांगतो.

"होडयेक गादी कित्याक?"

हा प्रश्न आमच्याकडे ठरलेला. जुनी माणसं म्हणतात, आमचा जन्म अनवाणी गेला, आम्हाला काय झालं? काय झालं ते संध्याकाळी देवळाच्या पायऱ्या चढताना बघावं. गुडघ्याला हात लावल्याशिवाय एकही पायरी चढवत नाही. सगळा दोष डेकला देता येणार नाही हे मान्य. वय आहे, ओझी उचलणं आहे. पण कडक आणि हलणाऱ्या जमिनीवर सहा-आठ तास उभं राहणं ही साधी गोष्ट नाही. शेतात निदान माती दबते. फायबर दबत नाही. लाट खाली गेली की होडी आपटते आणि तो दणका सरळ टाचेत येतो.

त्याहून मोठा धोका घसरण्याचा. फायबरचा वरचा थर गुळगुळीत असतो. त्यावर पाणी, माशाचा चिकट लाळेसारखा थर, खवले आणि बर्फाचे तुकडे पडले की साबण सांडलेल्या मोरीत आणि डेकमध्ये फरक राहत नाही. गिलनेट ओढताना माणूस काठाशी वाकलेला असतो, दोन्ही हात जाळ्यात गुंतलेले. पाय सुटला तर पकडायला काही नाही. एक तर आत पडतो, हाड मोडतं, नाहीतर बाहेर पडतो. हंगामात खलाशाचा हात मोडला की त्याच्या घरची चूल थंड होते. मालकाची होडीसुद्धा दोन दिवस किनाऱ्याला लागते. म्हणून हा विषय ऐशआरामाचा नाही.

क्रम लक्षात ठेवा: पकड, निचरा, मग मऊपणा

लोक उलट्या क्रमाने खरेदी करतात. आधी रंग, मग बोटाने दाबून मऊ लागतं का ते बघणं, आणि पकड विचारायची राहूनच जाते. माझा क्रम असा.

पहिली पकड. ओल्या, चिकट पायाला मॅट धरते का? कोरड्या दुकानात सगळ्याच मॅट छान धरतात.

दुसरा निचरा. शेतात निचरा नसेल तर कितीही खत टाका, मूळ कुजतं. होडीतही तेच. मॅटवरून आणि दोन तुकड्यांच्या मधून पाणी वाहून भोकापर्यंत गेलं पाहिजे. मॅटने पाणी अडवलं तर तिथे घाण साठते, वास येतो आणि पाय घसरतो.

तिसरा मऊपणा, तोही बेताचा. जास्त मऊ म्हणजे चांगलं हा गैरसमज आहे. फार मऊ मॅटवर पाऊल बुडतं, तोल सांभाळायला घोटा सतत काम करतो आणि माणूस लवकर थकतो. रेतीत चालून बघा, मऊ असूनही पाय भरून येतात. पायाखाली किंचित दबेल आणि लगेच वर येईल इतकंच पुरे.

रंग शेवटी. त्यातही एकच सांगणं: गडद रंग नको. काळा आणि गडद निळा फोम एप्रिल-मेच्या उन्हात इतका तापतो की अनवाणी पाय ठेववत नाही. फिका राखाडी किंवा वाळूसारखा रंग घ्या. डाग दिसतील, दिसू द्या. डाग दिसला तर धुतलाही जातो.

फोम कोणता

बाजारात सगळ्यालाच फोम म्हणतात. पण यात तीन जाती वेगळ्या आहेत.

एक, गादीचा पीयू फोम. याचे आतले बुडबुडे एकमेकांना उघडे असतात, म्हणून तो स्पंजासारखा पाणी पितो. हिशेब करून बघा. एक चौरस मीटरचा, २५ मिलिमीटर जाडीचा तुकडा म्हणजे २५ लिटर आकारमान, आणि त्यातला बहुतेक भाग पोकळ. पूर्ण भिजला तर २० किलोच्या वर पाणी धरून बसतो. डेकवर मेलेलं वजन आणि आत कुजकं खारं पाणी. बसायच्या पेटीवर रेक्झिन घालूनही तो फार दिवस कोरडा राहत नाही, शिवणीतून पाणी शिरतंच. डेकवर तर अजिबात नको.

दोन, टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातून येतो तो पांढरा हलका फोम. पाणी पीत नाही, पण दमही नाही. माणूस उभा राहिला की दबून चपटा होतो, पुन्हा वर येत नाही. उन्हात भुगा होतो आणि तो भुगा समुद्रात जातो.

तीन, ईव्हीए. बाजारात हलक्या सँडल मिळतात ना, त्यांचा तळ याच जातीचा असतो. आतले बुडबुडे बंद असतात, म्हणून पाणी आत शिरत नाही. दाबलं तर परत उठतो. डेकसाठी हाच घ्यायचा. पण ईव्हीएमध्येही पातळ-घट्ट असे प्रकार आहेत, आणि फसवणूक होते ती इथेच.

डेकवर चालणारा ईव्हीए साधारण १६० ते २४० किलो प्रति घनमीटर घनतेचा असावा. दुकानदार घनता सांगेल न सांगेल, आपण स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरायचा. २० सेंटिमीटर बाय २० सेंटिमीटरचा, ६ मिलिमीटर जाडीचा नमुना मागून घ्या. त्याचं आकारमान २४० घनसेंटिमीटर. घनता २०० असेल तर वजन ४८ ग्रॅम भरतं. ४० ते ५५ ग्रॅममध्ये आला तर माल ठीक आहे. खोक्यातला पांढरा फोम याच मापाचा घेतला तर ५-७ ग्रॅम भरेल. मधलं काहीतरी, २० ग्रॅमच्या आसपास आलं, तर ती लहान मुलांनी खेळायची चटई समजा, डेकची मॅट नाही. बियाणं घेताना आपण उगवण तपासतो, मग इथे का नको?

घरच्या घरी चार परीक्षा

वजन झालं की त्याच नमुन्यावर हे करून बघा.

पाण्याची परीक्षा. तुकडा बादलीत बुडवून वर दगड ठेवा. दुसऱ्या दिवशी काढा, फडक्याने पुसा, पुन्हा वजन करा. पाच-दहा ग्रॅम वाढलं तर कडेच्या कापलेल्या बुडबुड्यांत राहिलेलं पाणी असतं. वजन दुप्पट झालं तर तो तुकडा परत करा.

दाबाची परीक्षा. खाटेच्या पायाखाली तुकडा ठेवून रात्रभर त्यावर झोपा. सकाळी काढल्यावर खळगा दिसेल. दिवसभरात तो बराचसा भरून आला पाहिजे. तसाच राहिला तर सहा महिन्यांत मॅटला पायाचे खड्डे पडणार.

तेलाची परीक्षा. कोपऱ्यावर पेट्रोलचे दोन थेंब टाका. घराबाहेर, चुलीपासून लांब. ईव्हीए पेट्रोलने थोडा फुगतोच, हा त्याचा स्वभाव आहे. पण किती फुगतो, वितळल्यासारखा होतो का, हे कळतं. पेट्रोलची टाकी कुठे ठेवायची हेही यावरून ठरतं.

पकडीची परीक्षा. ही सगळ्यात महत्त्वाची. तुकडा अंगणातल्या फरशीवर चिकटपट्टीने पक्का बसवा, वर पाणी आणि भांड्याच्या साबणाचे थेंब टाका, किंवा सरळ मासे धुतलेलं पाणी ओता. अनवाणी टाच घासून बघा. गमबूट घालूनही बघा. पडाल म्हणून भिंत धरून. टाच सटकली तर मॅट कितीही देखणी असो, नको.

वरच्या पृष्ठभागाबद्दल एक सांगतो. खोल चरांची, हिऱ्याच्या नक्षीची मॅट फोटोत उठून दिसते. पण खवले त्या चरांत जाऊन बसतात आणि ब्रश मारून मारून हात दुखतो. मासेमारीच्या होडीला वरून घासून खरखरीत केलेला सपाट पृष्ठभाग बरा. पाणी लवकर जावं म्हणून मोजके उथळ चर असले तर चालतील.

कुठे घालायची, कुठे नाही

एक सोपी युक्ती आहे. होडी दोन-तीन फेऱ्या करून आली की न धुता डेक बघा. पावलांनी मळलेल्या जागा स्पष्ट दिसतात. जाळं ओढतात तिथे काठाला लागून दोन पट्टे, मासे सोडवतात ती जागा, आणि इंजिन हाताळणारा बसतो-उभा राहतो ती. आमच्या होडीला हे सगळं मिळून ४० चौरस फूट झालं, म्हणजे पावणेचार चौरस मीटर. ६ मिलिमीटरचा, २०० घनतेचा फोम चौरस मीटरला १ किलो २०० ग्रॅम भरतो. सगळा मिळून साडेचार किलो. खर्च निम्म्यावर येतो आणि होडीला वजन कळतही नाही.

साध्या उभं राहायच्या जागेला ६ मिलिमीटर पुरे. इंजिनवाला माणूस तासन्‌तास एकाच जागी असतो, त्याला १० ते १२ मिलिमीटर द्या. पण खोटी आशा नको. ६ मिलिमीटर फोम लाटेचा दणका खाऊन टाकत नाही, टाचेला टोचणारा कडकपणा तेवढा कमी करतो. दणक्याला औषध एकच, वेग कमी आणि गुडघे किंचित वाकलेले.

आता नको त्या जागा. नांगर आणि त्याची साखळी ठेवतो तिथे नको. बर्फाची पेटी ओढली जाते तिथे नको, आठवड्यात फाटते. पेट्रोलच्या टाकीखाली आणि इंजिनच्या आसपास नको. तपासणीच्या झाकणांवरून एकसलग तुकडा नको, झाकण उघडलंच पाहिजे. आणि मासळी थेट फोमवर ओतायची नाही. गळाने, सुरीने फोमला चिरा पडतात, त्या चिरांत रक्त आणि लाळ राहते, दुसऱ्या दिवसाच्या मासळीला वास लागतो. मासळी क्रेटमध्ये, माणूस मॅटवर, हा नियम.

लाकडी होडी असेल तर मॅट चिकटवायचीच नाही. लाकूड श्वास घेतं, फुगतं, आकसतं. वर फोम चिकटवला की खाली शिरलेलं पाणी कोंडतं आणि फळी आतून कुजते, वरून दिसत नाही. लाकडी होडीत कडेने बारीक पट्ट्या मारून चौकट करा, त्यात मॅट घट्ट बसवा आणि किनाऱ्याला आल्यावर काढून वाळवा. नुसती सुटी टाकलेली मॅट मात्र कधीच नको, ती पायाखालून सरकते.

ज्यांना फोम परवडत नाही त्यांना दुसरा उपाय आहे. रंगात बारीक, धुतलेली, चाळलेली वाळू मिसळून पट्टे मारा. पकड उत्तम येते आणि खर्च फारच कमी. तोटा असा की गुडघा टेकला तर सोलून निघतो, जाळं घासून खराब होतं आणि पायाला आराम काही नाही. पण पकड क्रमांक एक असेल तर हा उपाय फोमच्या खालोखाल धरा. वाईट फोमच्या तर कितीतरी वर.

चिकटवणं: निम्मं यश इथे

मॅट निघाली म्हणून लोक मालाला शिव्या देतात. बहुतेक वेळा माल बरा असतो, खालची जागा नीट तयार केलेली नसते. लग्नाच्या घाईत सारवल्यासारखं काम केलं तर पापुद्रे निघणारच.

आधी माप. मी खताच्या रिकाम्या गोण्या उभ्या फाडून डेकवर पसरतो आणि खडूने आकार काढतो. कडेपासून एक इंच आत. पाणी जायच्या भोकांभोवती मोकळी जागा. दोन तुकड्यांच्या मध्ये अर्धा इंच फट, पाणी वाहायला आणि फोम उन्हाने आकसतो-फुगतो त्यालाही. कोपरे टोकदार ठेवू नका. वाटी उलटी ठेवून गोल कापा. टोकदार कोपरा आधी उचलतो, मग त्यात जाळं अडकतं. एक मोठा तुकडा करण्यापेक्षा दोन-तीन फुटांचे तुकडे करा. एक खराब झाला तर तेवढाच बदलता येतो.

मग स्वच्छता. साबणाने धुवा, गोड्या पाण्याने मीठ काढा, पूर्ण वाळू द्या. नवीन फायबरवर साच्यातलं मेण राहिलेलं असतं, त्यावर कुठलाही गोंद धरत नाही. अ‍ॅसिटोनच्या फडक्याने पुसून घ्या, फडकं बदलत राहा. डेक रंगवलेला असेल तर अ‍ॅसिटोन रंग काढतो, तिथे आयसोप्रोपिल स्पिरिट वापरा. दोन्ही पटकन पेट घेतात. बिडी नको, पेट्रोलचा कॅन बाहेर, हातमोजे घाला, वाऱ्यात काम करा. डेक खडबडीत असेल तर गोंद फक्त उंचवट्यांना लागतो, आधी घासून सपाट करावा लागतो.

वेळ सकाळची किंवा सावलीची. भर उन्हात तापून फुगलेला फोम चिकटवला तर रात्री तो आकसतो आणि कडा ओढल्या जातात. मागचा कागद एकदम ओढू नका. एका टोकाकडून चार बोटं काढा, बसवा, पुढे सरका. वरून लाटणं किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा जोर देऊन फिरवा. नंतर कमीत कमी २४ तास, जमलं तर दोन दिवस, पाणी नाही आणि पायही नाही.

महिना कुठला? पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, होड्या वर ओढलेल्या असतात, वेळ असतो, म्हणून सगळे तेव्हाच हे काम काढतात. मला ते पटत नाही. त्या दिवसांत हवाच ओली असते, डेक हाताला कोरडा लागला तरी त्यावर दमटपणा असतो. चिकटवायचं काम पाऊस गेल्यावर कोरड्या हवेत करा, दोन दिवस होडी थांबवावी लागली तरी चालेल. बंदीचे दिवस तपासणीला वापरा.

निगा: रोजची पाच मिनिटं

रोज किनाऱ्याला लागल्यावर आधी मॅट धुवा, मग बाकीचं. रक्त वाळायच्या आत निघतं, वाळल्यावर फोमच्या छिद्रांत बसतं. समुद्राच्या पाण्याने घाण काढा, शेवटी एक-दोन बादल्या गोडं पाणी. मऊ ब्रश आणि भांड्याचा साबण पुरतो. तारेचा ब्रश नको. गाड्या धुवायचा प्रेशर पंप असेल तर नळी लांब धरा आणि कडेकडे मारू नका. कडेत पाणी घुसलं की गोंद सुटतो. ब्लीचिंग, अ‍ॅसिड, थिनर काही नको. पेट्रोल किंवा रॉकेल सांडलं तर लगेच साबणाने धुवा, ते मुरलं की फोम फुगतो आणि खालचा गोंद मऊ पडतो.

आठवड्यातून एकदा सगळ्या कडांवरून बोट फिरवा. हे काम मी कुणावर सोपवत नाही. कड नखाएवढी जरी उचललेली लागली तरी त्याच दिवशी बंदोबस्त. साफ करून, वाळवून, पुन्हा चिकटवा, नाहीतर तेवढा भाग कापून टाका. आमच्याच किनाऱ्यावरच्या एका होडीत मॅटची कड महिनाभर उचललेली होती, सगळ्यांना माहीत होती, सगळे तिच्यावरून पाय उचलून जायचे. एका पहाटे अंधारात एका पोराचा पाय नेमका तिच्यात अडकला. कोपर मोडलं, पुढचा हंगाम घरी. मॅट नसती तर तो अडकला नसता. वाईट मॅटपेक्षा मॅट नसलेली बरी, हे मी सुरुवातीला म्हटलं ते यासाठी.

बंदीच्या दिवसांत होडी झापांखाली असते तेव्हा डेकवर बोटाच्या पेराने किंवा नाण्याने टकटक करा. खणखणीत आवाज आला तर ठीक. एखाद्या ठिकाणी बद्द आवाज आला, पाऊल ठेवल्यावर दबल्यासारखं वाटलं, तर आतलं प्लाय भिजलेलं असू शकतं. तिथली मॅट काढून बघा. उन्हाने तापवून एका कडेने हळूहळू, जमिनीसरशी ओढली तर निघते. मॅट खालचा रोग झाकते. म्हणून मॅट असलेल्या डेकची तपासणी बिनमॅटच्या डेकपेक्षा जास्त व्हायला हवी. सुट्या मॅट घरी ठेवताना घडी नको, सपाट ठेवा आणि उंदरांपासून जपा.

पकड गेली, पृष्ठभाग गुळगुळीत चकाकायला लागला, की मॅटचं आयुष्य संपलं. फाटेपर्यंत थांबायचं नाही. ट्रॅक्टरच्या टायरची नक्षी गेल्यावर आपण चिखलात कुठे नेतो?

गोठा आणि होडी

म्हशींसाठी मॅट घेणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू आहे: वजनाची परीक्षा, निचरा, कडा. पण गोठ्याची रबरी मॅट होडीत आणू नका. रबर घनमीटरला साधारण १,२०० किलो भरतं. साडेसहा बाय चार फुटांची १५ मिलिमीटरची एक मॅट चाळीस-पंचेचाळीस किलोची होते. गोठ्यात ते वजन चांगलं, मॅट हलत नाही. होडीत ते ओझं. उलट डेकचा ६ मिलिमीटर फोम गोठ्यात घातला तर म्हैस खुराने आठवड्यात फाडेल.

दोन्हीकडे चालणारी परीक्षा मात्र एकच, गुडघ्याची. गोठ्याच्या जागेवर आपण स्वतः गुडघ्यांवर बसून बघायचं असतं. आपल्याला लागलं तर जनावरालाही लागतं. आणि गुडघा ओला झाला तर निचरा नाही. होडीतही मालकाने हे करून बघावं.

तुकडे समुद्रात नकोत

कापताना जे तुकडे उरतात ते तरंगतात. कुजत नाहीत. किनाऱ्याला लागतात, जाळ्यात येतात, कासवाच्या पोटात जातात. वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि आपलीच माणसं त्यांची घरटी राखतात. एका हाताने राखायचं आणि दुसऱ्या हाताने फोम टाकायचा, हे बरं नाही. कापायचं काम घरी अंगणात करा, भुगा गोळा करा.

उरलेल्या तुकड्यांना उपयोगही आहे. आमच्याकडे लिलावाच्या जागी बायका ओल्या सिमेंटवर बसून तासन्‌तास मासळी निवडतात, साफ करतात. होडीतल्या पुरुषांच्या गुडघ्यांची एवढी चर्चा झाली, त्यांच्या कमरेची कधी होत नाही. फूटभर तुकडा बसायला, एक पायाखाली. लावणीला, खुरपणीला गुडघ्याखाली बांधायलाही तो चालतो. एकही तुकडा वाया जात नाही.

ठरवायचं कुणी

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते मुख्य. मॅट घ्यायची की नाही हे मालक ठरवतो, तिच्यावर उभा राहतो खलाशी. मोठ्या नौकांवर तर बरेच खलाशी नेपाळसारख्या लांबच्या ठिकाणाहून आलेले असतात, ते तोंड उघडून काही मागत नाहीत. इंजिनवर लाखांत खर्च करताना आपण दोनदा विचार करत नाही, कारण इंजिन बंद पडलं की लगेच कळतं. माणसाचा गुडघा हळूहळू बंद पडतो, म्हणून त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. शेतातही तेच. फवारणीचा पंप नवा येतो, फवारणाऱ्याचे हातमोजे नंतर बघू.

म्हणून मॅट घेण्याआधी चार नमुने आणा, ओले करा आणि जाळं ओढणाऱ्यांना त्यांच्यावर उभं करा. कुठला धरतो, कुठला घसरतो, कुठे हवा, कुठे आड येतो, हे त्यांना विचारा. त्यांचं उत्तर दुकानदारापेक्षा खरं असतं. आणि लगेच पैसे नसतील तर जाळं ओढायच्या दोन पट्ट्यांपासून सुरुवात करा. बाकीचं पुढच्या हंगामात.

तुमच्याकडे धरणावर, शेततळ्यात किंवा गोठ्यात कुणी असा फोम वापरला असेल तर किती दिवस टिकला, आधी कड गेली की पकड, हे जरूर लिहा. फोटो टाकाल तर मॅट नवी असतानाचा नको, दोन हंगाम वापरल्यानंतरचा टाका. खरी माहिती त्यातच मिळते.